जानकीवहिनीची हळद

परत आल्यापासून शाळेत सगळ्याजणी मला एकच विचारतात, "बाई, जयगडचा किल्ला पाहिलात का?" दोघीतिघींनी रत्नागिरीतल्या ब्रह्मदेशच्या राजाच्या वाड्याची चौकशी केली. हापूस किती खाल्ले, हे तर हेडबाईंपासून शिपायापर्यंत सगळ्यांनाच हवं आहे. तर एकदाच सांगून टाकते. किल्ला मी पाहिला नाही. वाडा मोटारीतून जाताना पाहिला, तोही पुढच्या बाकावरच्या गृहस्थाच्या पागोट्याआडून. आंबे पोट दुखेस्तोवर खाल्ले. आणि ज्यासाठी गेले होते ते लग्नही पाहिलं, पण मागच्या दारातून. हे लिहायला बसले आहे ते त्या मागच्या दारापायी.

ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझी पहिली नेमणूक जयगडला झाली होती. साताऱ्याची पोर मी, समुद्र कधी पाहिलेला नाही. तिथं दोन वर्षं जानकीवहिनीच्या घरी, पडवीलगतच्या खोलीत राहिले. तिची मुलगी शेवंती माझ्याच हाताखाली बाराखडी शिकली. वहिनीचा नवरा राघो मचव्यावर तांडेल होता, म्हणजे शीड, सुकाणू आणि माणसं सगळी त्याच्या हुकमात. मी तिथं जायच्या आधीची गोष्ट. पावसाळ्यासाठी मचवे किनाऱ्यावर ओढायची वेळ झाली होती, तरी "एकच खेप, मंगळूरची कौलं घेऊन येतो," म्हणून तो निघाला आणि परत आला नाही. मचवा नाही, फळकूट नाही, माणूस नाही. शेवंती तेव्हा तीन वर्षांची होती.

आता तिच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेही वहिनीच्या खास शब्दांत : बाई आली नाही तर पोरीच्या अंगाला हळद लागायची नाही. उन्हाळ्याची सुट्टी होतीच. नवरीच्या आईला काय न्यावं याचा विचार करत मी कासाराकडे गेले आणि दोन हात भरून हिरव्या बांगड्या मागितल्या. माझ्या रिकाम्या मनगटांकडे बघून तो म्हणाला, "कुणाच्या हाताच्या मापानं देऊ, बाई?" मी म्हटलं, "सुंभ वळून वळून ज्या बाईची मनगटं जाड झालीत, तिच्या मापानं." मेला हसला. बांगड्या मात्र चांगल्या दिल्या.

आंबा घाट आणि रत्नागिरी

कोल्हापुरापर्यंतच्या आगगाडीचं काही सांगत नाही, तिच्यात सांगण्यासारखं काही घडलं तर तिलाच नवल वाटेल. पुढं सर्व्हिस मोटार. ड्रायव्हर दर वळणाला "सांभाळून बसा हो मंडळी!" असं ओरडायचा, आणि ओरडताना स्वतः मागं वळून बघायचा. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी कोंबडी मांडीवर घेतली होती, मी बांगड्यांचं बोचकं. निम्म्या घाटात मोटारीचं पाणी उकळलं. सगळे खाली उतरलो, कोंबडीसुद्धा. तिला पकडायला ड्रायव्हरला अर्धा डोंगर पळावं लागलं, म्हणून तेवढ्यात माझं करवंदं खाणं झालं.

घाट उतरला की माती तांबडी होते आणि माणसं एकमेकांपासून लांब राहायला लागतात. आमच्याकडे शेजारणीनं फोडणी दिली की आपल्या घरात शिंक येते. इथं प्रत्येक घर आपापल्या झाडांत, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, आणि शेजारणीला हाक मारायची तर पायात वहाणा घालून निघायचं. रत्नागिरीत एका मैत्रिणीच्या बहिणीकडे उतरले. तिनं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण वाढलं आणि मी दर घासाला घशाला हात लावून बघत होते. "काट्याला एवढं भिता, मग मराठ्यांनी लढाया कशा मारल्या हो?" असं तिचे यजमान म्हणाले. मी म्हटलं, "शत्रूच्या अंगात काटे नसायचे."

दुसऱ्या दिवशी मुंबईकडे जाणारी आगबोट धरली. जयगडला आगबोट बाहेरच उभी राहते आणि पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, किनाऱ्यावर जायचं. आगबोटीच्या शिडीवरून पडावात उतरताना माझा पाय सटकला, मी खलाशाच्या अंगावर आणि बोचकं माझ्या अंगाखाली. आत खळ्ळ झालं. चार बांगड्या वाढल्या होत्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण शब्द बदलला म्हणून मनात चर्र व्हायचं थोडंच राहतं!

जयगड

वहिनी बंदरावर उभी होती. कपाळभर कुंकू, काष्टा खोचलेला, हाताला काथ्याचा तोच आंबूस वास. मला कवटाळलं आणि लांब धरून म्हणाली, "वाळून गेलीस गो बाय नुसती. साताऱ्यात जेवायला घालीत नाय काय तुला?"

"घालतात की. पण काटे काढून मासे कोण भरवणार, वहिनी?"

ती हसली, पण बोलताना तिची नजर माझ्या डोक्यावरून खाडीच्या तोंडाकडे गेली. एक मचवा आत येत होता. तो वळून त्याचं शीड पुरतं दिसेपर्यंत ती थांबली, मग म्हणाली, "चल." ही सवय मला जुनी ठाऊक. राघोच्या शिडाच्या खालच्या कोपऱ्याला तिनं आपल्या लुगड्याचं तांबडं ठिगळ लावून दिलं होतं. येणाऱ्या प्रत्येक शिडात ती ते ठिगळ शोधते. कुणाशी बोलत असो, डोक्यावर भारा असो, शीड दिसलं की थांबायचं, कोपरा बघायचा आणि पुढं जायचं. एवढंच. कधी उसासा नाही की डोळ्याला पदर नाही.

त्या बाईनं एवढ्या वर्षांत काय काय केलं, त्यातली दोन वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची, महिन्यांनी कमरेइतक्या घाण पाण्यात उतरून ती काढायची, दांडक्यानं ठेचून काथ्या मोकळा करायचा आणि मांडीवर सुंभ वळायचा. मांडीचं कातडं निबर होऊन गेलं. त्या सुंभावर तिनं पोर वाढवली, शाळेत घातली, सासूचं म्हातारपण काढलं. खाडीतल्या निम्म्या होड्या तिच्या सुंभानं बांधलेल्या असतात.

घरी गेल्यावर मी मोठ्या तोऱ्यात बोचकं सोडलं. हिरव्या बांगड्या बघून वहिनीची जाऊ पटकन आत निघून गेली. शेवंतीनं मान खाली घातली. वहिनीनं एक बांगडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "रंग बेस हाय गो. पन तुला कोनी सांगितलं नाय वाटतं."

सांगितलं ते तिचा धाकटा दीर भिकू यानं. भला माणूस, भावामागं घराला टेकू देऊन उभा राहिलेला. पडवीत बसून तो जमिनीकडे बघत बोलत होता.

"मास्तरीनबाई, मी काय करू सांगा. सोयरे म्हनतात, पोरीचा बापूस हाय का नाय ते एकदा ठरवा. जिता असंल तर त्याला सोडून काकानं कन्यादान का करायचं? आनि मेला असंल तर त्याला अजून अग्नी का नाय? बारा वर्सं या वैशाखात पुरी झाली. आता पुतळा करायचा नि जाळायचा. त्याबिगर लगीन नाय म्हनतात."

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. ही चाल आमच्याकडेही ऐकून आहे. पुतळा जळला की बायको विधवा. म्हणजे वहिनीला निवड अशी होती : कुंकू राखलं तर पोरीचं लग्न मोडणार, आणि लग्न करायचं तर त्या लग्नात हिनं पोरीच्या अंगाला हळदीचं बोटसुद्धा लावायचं नाही. त्या हळदीचा निरोप मला साताऱ्यापर्यंत आला होता. मला भिकूचा राग आला, सोयऱ्यांचा आला, आणि हे सगळं जुळवून ठेवणाऱ्या देवाचा तर फारच आला. मी तोंडाला येईल ते बोलले. वहिनी मध्येच म्हणाली, "त्याला नको बोलूस. त्याचा पन भाऊसच होता."

दोन दिवस

संध्याकाळी आम्ही दोघी बंधाऱ्यावर बसलो. तिनं विचारलं, "तुझा गेला तेव्हा तुला कळलं होतं?"

माझा नवरा पलटणीत होता. मोठ्या लढाईत बसऱ्याकडे गेला, मी तेव्हा परकर नेसत होते. सरकारची तार आली. सगळी आळी जमली, चुलतीनं माझे दोन्ही हात उंबऱ्यावर धरले आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. तिथं वाढवल्या वगैरे कुणी म्हणालं नाही. एक काच मनगटात रुतली त्याचा वण अजून आहे. नवऱ्याचा चेहरा मात्र मला नीट आठवत नाही. हे मी कुणाला कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

वहिनी ऐकून घेऊन म्हणाली, "तार तरी आली. रडायचा दिवस मिळाला तुला. माझा दिवस खंयचा? दर नारळी पुनवेला सगळे दर्याला एक नारळ देतात. मी दुसरा देते, त्याच्या नावाचा. दर्यानं नारळ घेतले, मानूस दिला नाय. आता त्याच नारळाचं त्याचं डोकं करायचं." खाडीकडे बघत ती म्हणाली, "सुंभ वळताना रोज म्हनत होते, पोरीला हळद लावायला तरी येशील. दोघं मिळून लावू."

मग मात्र ती रडली. दोन वर्षं एका घरात राहून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले.

पुतळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी भिकू दर्भ आणि पळस आणायला गेला होता, जाऊ पाण्याला. वहिनीनं मागच्या पडवीत पाटा मांडला आणि हळकुंडं वाटायला घेतली. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?"

"हळद."

"अहो, पण लग्नाची हळद तर अजून..."

"ती नवऱ्याकडची उष्टी हळद, ती सवाष्नी लावतील. लावू देत. ही माझी." तिनं माझ्या बांगड्या दोन्ही हातांत चढवल्या होत्या. शेवंतीला हाक मारली. पोर येऊन पाटावर बसली आणि आईचे हिरवे हात बघून तिचा बांध फुटला.

"रडू नको गो, हळद वघळंल," वहिनी म्हणाली आणि तिनं सुरुवात केली. आधी पायाचे अंगठे, मग गुडघे, मग खांदे, मग गाल. घाई नाही. कानामागं, मानेवर, बोटाबोटांच्या बेचक्यांत. लहानपणी न्हाऊ घालायची तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पन लाव."

मी हात मागं घेतला. "माझ्या हातानं? वहिनी, अपशकून होईल पोरीला."

"तू तिला अक्षर लावलंस त्याचा नाय झाला, हळदीचा कसा होईल?" तिनं माझा हात धरून वाटलेल्या हळदीत दाबला.

लहानपणानंतर पहिल्यांदाच माझ्या बोटांना अशी हळद लागली होती. शेवंतीच्या गालाला मी बोटं टेकली. नंतर आम्ही दोघींनी मिळून तिला विहिरीवर घासून धुतली. पण ताजी हळद ती, जातेय कुठली.

पुतळा

सकाळी भिकूनं अंगणातल्या माडाखाली उभं राहून विचारलं, "वयनी, नारळ कुठचा घेऊ?" तो माड राघोनं लावलेला. वहिनी स्वतः पुढं आली. उतरवलेले नारळ एकेक कानाशी धरून हलवले. आत पाणी भरपूर वाजेल असा एक निवडला आणि दिराच्या हातात दिला. मग आपण वळलेल्या सुंभाची गुंडाळी आणून त्यावर ठेवली. "पुतळा ह्यानं बांध. दुसऱ्या कोनाचा सुंभ त्याला चालायचा नाय." भिकू हमसून रडला. आमच्याकडे पुरुषमाणसं अग्नी द्यायला नदीवर जातात, तशी ही मंडळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर गेली आणि आम्ही बायका पडवीत बसलो.

विधी खरंच होतो की नाही हे पाहायला नवऱ्या मुलाची आजी खाडीपलीकडून आली होती. विधवेचं लाल अलवण, वाकलेली पाठ, पण नजर अशी की पडवीत कुणी खोकेना. सबंध सोयरीक तिच्या शब्दावर उभी होती. शेवंती तिला पाणी द्यायला वाकली आणि पदर सरकला. कानामागं, मानेवर पिवळंधमक.

म्हातारीनं तांब्या घेतलाच नाही. पोरीची हनुवटी धरली आणि मान उजेडाकडे वळवली.

"ही हळद कोनी लावली?"

जावेनं तोंडावर हात ठेवला.  मी माझी पिवळी बोटं पदराखाली घेतली. आता ही उठणार, पडावात बसणार, आणि बारा वर्षांचं सगळं त्या पिवळ्या डागापायी बुडणार!

"मी लावली," वहिनी म्हणाली. "काल लावली. काल मी सवाष्न होते."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या कुंकवाकडे, हिरव्या हातांकडे. मग तिनं माझ्या पदराकडेही एकदा बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "काल होतीस." आणि शेवंतीची हनुवटी सोडून तिचा पदर स्वतःच्या हातानं मानेवर ओढून दिला. "नीट घे गो पदर. लोकांच्या डोळ्यांवर नको येऊ देऊस."

मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. तिलाही कधी कुणी हळदीच्या पाटावरून उठवलं असेल, कोण जाणे.

तेवढ्यात पुळणीवरून आवाज आला. आगीत नारळ फुटतो त्याचा, मोठा, कोरडा. शेवंती दचकली. वहिनी हलली नाही. सगळ्यांना ऐकू गेलं तरी ती मला सांगत असल्यासारखी म्हणाली, "गेला." आणि बऱ्याच वेळानं, "आज गेला."

बायका तिच्या हातांकडे सरसावल्या. एकीनं वरवंटा आणला होता. तो बघून मी उठून उभी राहिले, काय करणार होते देव जाणे. पण आजीच खेकसली, "वरवंटा ठेव तो! तिचं तिला काढू दे." वहिनीनं मनगटांना खोबरेल लावून एकेक बांगडी काढली. एकही वाढू दिली नाही. सुंभाच्या तुकड्यात ओवून गाठ मारली आणि जावेला म्हणाली, "ओहोटीला सोड. जाऊ देत त्याच्याकडे." कुंकू तिनं स्वतःच पुसलं. इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली कपाळाचा तेवढा भाग गोरा राहिला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

लग्न

सुतक फिटल्यावर लग्न लागलं. फणसाची भाजी होती, उकड्या तांदळाचा भात होता, वाजंत्री होती. सगळं होतं म्हणतात. आम्ही दोघी मागच्या दाराशी बसून मंगलाष्टकं ऐकली. वहिनीनं मांडीवर काथ्या घेतला होता. मी म्हटलं, "आज तरी राहू द्या." ती म्हणाली, "हात रिकामे राहिले तर मी मांडवात जाईन गो." तेव्हा मीही काथ्या घेतला. माझा सुंभ बघून तिला त्या दिवशी एकदाच हसू आलं. "ह्यानं शेळी पन बांधून राहायची नाय," म्हणाली.

अक्षता पडल्यावर मुंडावळ्यांसकट शेवंती धावत मागच्या दाराशी आली आणि तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनीचे हात तिच्या डोक्यापर्यंत गेले आणि वरच्यावर थांबले. पोरीनंच ते धरून आपल्या गालांवर दाबले.

परत

मी निघाले तेव्हा वहिनी बंदरावर यायला तयार नव्हती. "लोक बोलतील," म्हणाली, आणि चिखलातली सोडणं काढायला निघून गेली. सोडणं काही कुणासाठी थांबत नाहीत. माझा पडाव खाडीतून बाहेर पडताना ती मला दिसली. कमरेइतक्या पाण्यात, कपाळ उघडं, हातात काळं चिखलाळ सोडण. मी हाका मारल्या. तिनं हात वर केला.

त्याच वेळी खाडीच्या तोंडातून एक मचवा आत येत होता. तिचा हात हलता हलता थांबला आणि डोळ्यांवर गेला. पडाव पुढं जात होता, मी मान वळवून तिच्याकडे बघत होते, आणि ती माझ्यापलीकडे, त्या शिडाकडे. मचवा वळेपर्यंत ती तशीच उभी होती. शिडाचा कोपरा पांढराच होता. तो तिनं नीट पाहिला, आणि मग खाली वाकून पुन्हा सोडणं काढू लागली.